देवाची शेजारती आणि आपली झोप

॥ श्रीगुरुदत्तात्रेयाय नमः ॥



दत्तजयंतीचा सप्ताह आला की आपल्या देवळाचं रूपच पालटतं. पहाटे काकडआरती, मग श्रीगुरुचरित्राचं पारायण, दुपारी नैवेद्य, संध्याकाळी प्रवचन, रात्री शेजारती. आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी जन्मकाळाचा पाळणा. या सगळ्या गडबडीत दरवर्षी एक दृश्य हमखास दिसतं. मंडपात अगदी मागे, खांबाला टेकून, एखादे गृहस्थ पोथी मांडीवर ठेवून डुलक्या घेत असतात. शेजारचा माणूस कोपराने ढोसतो. बायका एकमेकींकडे बघून हसतात. कुणीतरी हळूच म्हणतं, "एवढी झोप येते तर घरीच राहायचं ना!"

यंदा मला त्या खांबाला टेकलेल्या माणसाबद्दल बोलायचं आहे. कारण मंडळी, काही वर्षं तो माणूस मीच होतो. फरक इतकाच की मी खांबाजवळ नव्हतो, व्यासपीठावर होतो.

वयाच्या ६२व्या वर्षी माझी झोप गेली. म्हणजे कशी? रात्री दहाला अंथरुणावर पडायचं. बारा वाजले की कूस बदलायची, एक वाजला की पाणी प्यायचं, दोन वाजता देवघरात जाऊन समई बघून यायची. कधी डोळा लागलाच तर तीनला टक्क जाग. मग पहाटेपर्यंत छपराचे वासे मोजायचे. आणि दिवसा? दिवसा अंगावर भिजलेलं घोंगडं टाकल्यासारखं जड वाटायचं. आंघोळ करून धोतर नेसलं की दम लागायचा. ओवी वाचता वाचता ओळ हरवायची. एकदा भर प्रवचनात मी एकच गोष्ट दोनदा सांगितली. श्रोते सज्जन, कुणी काही बोललं नाही. पण घरी आल्यावर सौभाग्यवतींनी विचारलं, "आज काय झालं होतं?" तेव्हा मला कळलं.

तपासण्या केल्या. कागद आले. "सगळं नॉर्मल आहे," असं सांगितलं गेलं. वास्तविक ही आनंदाची गोष्ट. पण ज्याला त्रास होतो त्याला विचारा. रिपोर्ट चांगले आणि माणूस वाईट अवस्थेत, मग दोष कुणाचा? लोक म्हणू लागले, मनाचं आहे. एका जाणत्या माणसाने तर तोंडावर सांगितलं, "महाराज, पोथीपुढे जांभई येते म्हणजे उपासनेत कमी पडताय." ते वाक्य माझ्या काळजात रुतलं. मी रात्रीचा जप वाढवला. अकरा माळा, मग एकवीस. पण खरं सांगू का? माळ हातात आणि कान घड्याळाकडे. आता झोप येईल, आता येईल. नामाची मी झोपेची गोळी केली होती. गोळी लागू पडेना तेव्हा महाराजांवर रागावलो. "इतकी वर्षं तुमची सेवा केली, आणि साधी झोप देत नाही?" असं एका रात्री मी देवघरात मोठ्याने बोललो. झोप गेली याचं दुःख होतंच, पण त्या रात्री माझी भक्ती आंबट झाली याची मला भीती वाटली.

तुमच्यापैकी कितीतरी जणांची हीच गत असेल. आठवड्यातून तीन किंवा त्याहून जास्त रात्री, आणि असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. साठी-सत्तरीत झोप हलकी होते, मधे मधे मोडते, पहाटे लवकर जाग येते, हे वयोमान आहे. पण पासष्टी ओलांडलेल्या माणसालासुद्धा सात-आठ तासांची झोप हवी असते. "आता आपल्याला झोप कशाला लागते?" असं म्हणून सोडून देऊ नका.

आता पहिला प्रश्न. झोप आणि भक्ती यांचं वैर आहे का?

आपल्या दैवताकडेच बघा. दत्तप्रभूंची दिनचर्या परंपरेने कशी सांगितली आहे? पहाटेचं स्नान काशीला, माध्यान्हीची भिक्षा करवीर कोल्हापूरला, आणि निद्रा माहूरला. नांदेड जिल्ह्यातल्या माहूरगडाला आपण प्रभूंचं निद्रास्थान म्हणूनच हात जोडतो. मंडळी, विचार करा. जो तिन्ही देवांचा एक अवतार, जो सह्याद्रीपासून काशीपर्यंत नित्य संचार करतो, त्याच्या दिनचर्येतही निजेला एक ठरलेली जागा आहे. भक्तांनी तिचंही क्षेत्र केलं. स्नान पवित्र, भिक्षा पवित्र, तशी निद्राही पवित्र.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत काय सांगतात? फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, आणि फार जागणाऱ्यालाही साधत नाही. आपल्याला पहिला अर्धा भाग पाठ असतो, दुसरा आपण विसरतो. चरकाचार्यांनी शरीराला तोलून धरणारे तीन उपस्तंभ सांगितले, आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. घराचा एक खांब खचला तर छप्पर कलणारच. त्यात घरमालकाची श्रद्धा कमी पडली असं कोण म्हणेल?

आळस आणि थकवा यांत फरक करायला शिका. आळशाला करायचं नसतं, म्हणून होत नाही. दमलेल्याला करायचं असतं, तळमळ असते, तरी होत नाही. खांबाला टेकलेला तो माणूस आळशी असता तर सप्ताहाला आलाच नसता. घरी गादीवर लोळला असता. तो आला आहे, पोथी घेऊन बसला आहे. त्याचं येणं महाराजांना दिसतं, आपल्याला मात्र त्याची डुलकी तेवढी दिसते.

प. पू. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराज (१८५४–१९१४) आपल्या सगळ्यांचे पूज्य. संग्रहणीच्या विकाराने त्यांचा देह अनेक वर्षं पिडलेला होता. तशा देहाने त्यांनी हिंदुस्थानभर पायी संचार केला. त्यांना व्याधी होती म्हणून त्यांची उपासना उणी होती, असं म्हणायची कुणाची छाती आहे? मग शेजारच्या आजोबांबद्दल आपण इतक्या सहज का म्हणतो?

दुसरा प्रश्न. मग करायचं काय? फक्त सोसायचं का?

नाही. गुरुचरित्राचा तेरावा अध्याय आठवा. गोदातीरी वासर ब्रह्मेश्वराला श्रीनृसिंहसरस्वती आले आहेत. एक ब्राह्मण पोटशुळाने इतका गांजला आहे की जीव द्यायला नदीत उतरला आहे. अन्न पोटात गेलं की वेदना, म्हणून जेवणच सुटलेलं. स्वामींनी काय केलं? शिष्यांना पाठवून आधी त्याला पाण्यातून बाहेर बोलावलं. जवळ बसवून व्यथा विचारली. "औषध आहे, भिऊ नकोस," असं अभय दिलं. तेवढ्यात सायंदेव दर्शनाला येतो. स्वामी त्याला म्हणतात, याला घरी नेऊन जेवू घाल. सायंदेव घाबरतो, अन्नाने हा मेला तर? पण गुरुवचनावर त्याने घरी नेलं, पंगतीला बसवलं, आणि त्याची व्यथा गेली.

या कथेत चमत्कार आहे, तो आहेच. पण चमत्काराच्या आधीच्या पायऱ्या बघा. बोलावणं, ऐकणं, धीर देणं, आणि औषधाची गोष्ट. स्वामींनी "मनाचं आहे" म्हणून त्याला परत नदीकडे लोटलं नाही. तेव्हा दत्तभक्ताने वैद्याकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी होणं नव्हे. आणि एकदा रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून दार बंद झालं असंही नव्हे.

आमच्या देवळात येणारे एक निवृत्त एस.टी. कंडक्टर होते. सप्ताहात पहिल्या अध्यायालाच त्यांची मान खाली. रात्री दहा ते सहा झोपतात, तरी दिवसभर पेंग. एकदा त्यांच्या सौ. म्हणाल्या, "यांचं घोरणं भिंतीपलीकडे ऐकू जातं. आणि मधेच बंद पडतं हो. श्वासच थांबतो. मी घाबरून हलवते." या एका वाक्यात सगळं निदान होतं. झोपेत घसा मिटतो, दहा सेकंद, कधी त्याहून जास्त श्वास अडतो, मेंदू दचकून जागा करतो. असं रात्रीत कितीतरी वेळा होतं, आणि माणसाला सकाळी आठवत काहीच नाही. मोठ्या रुग्णालयात रात्रभर झोपवून तपासणी करतात, तिला स्लीप स्टडी म्हणतात. त्यांना नाकावर लावायचं हवेचं यंत्र मिळालं. पुढच्या सप्ताहाला ते पुढे बसून ओव्या म्हणत होते. म्हणून जोडीदारांनो, रात्री तुम्ही जे ऐकता ते डॉक्टरांना जाऊन सांगा. रोग्याला ते ठाऊक नसतं.

दुसऱ्या एक काकू. संध्याकाळ झाली की पाय ओढल्यासारखे होत, हलवल्याशिवाय चैन पडेना, रात्री पडलं की जास्त. लोक म्हणाले वात आहे. निघालं काय, तर अंगातलं लोह कमी. तिसरे एक आजोबा रात्री चार वेळा लघवीला उठायचे, कारण पाणी काढणारी रक्तदाबाची गोळी संध्याकाळी घेत होते. डॉक्टरांना विचारून वेळ सकाळची केली, आणि दोन वेळा उठणं वाचलं. थायरॉइड, साखर, रक्तातलं प्रमाण, बी-१२, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास, सर्दी-खाजेच्या गोळ्या, हे सगळं एकदा नीट बघून घ्यावं. जी औषधं चालू आहेत त्यांची पिशवीच डॉक्टरांपुढे ठेवावी. आणि जोडीदार गेल्यावर पहाटे तीनला जाग येऊन छातीत पोकळी वाटते, कशात रस राहत नाही, हीसुद्धा व्याधीच आहे. तिलाही उपचार आहेत. त्या ब्राह्मणासारखा जीव नकोसा झाल्याचा विचार मनात आला, तर एक रात्रही एकट्याने काढू नका. त्याच वेळी घरच्याला उठवा, सांगा, डॉक्टरांकडे जा. आधी पाण्यातून बाहेर यायचं, मग बाकीचं.

झोपेच्या गोळ्यांचंही सांगतो. शेजाऱ्याच्या डबीतली गोळी घेऊ नका. उतारवयात या गोळ्यांनी रात्री तोल जातो, माणूस पडतो, खुबा मोडतो. आणि चालू असलेली गोळी देवाचं नाव घेऊन एकदम बंदही करू नका. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

तिसरा प्रश्न, आणि हाच खरा. सगळं बघितलं, आणि कारण सापडलंच नाही तर? माझं तसंच झालं. त्याचं काय?

त्या दिवसांत मी नृसिंहवाडीला गेलो होतो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, मनोहर पादुकांसमोर रात्री बसलो होतो. शेजारती झाली. देवाला निजवायची सगळी तयारी मायेने केली. दिवे मंदावले, लोक पायऱ्यांवरून पांगले, पुजारी दार लावून घरी गेले. मी तिथेच घाटावर बसून राहिलो, आणि मनात आलं, देवाला झोप लागली का, हे बघत पुजारी दारात उभे राहिले नाहीत. त्यांचं काम शय्या करण्याचं. ती वेळेवर केली, मनापासून केली, आणि ते निघाले. पुढचं देवाचं देव बघेल. आणि पहाटे ठरल्या वेळी काकडआरतीला येतील, देव रात्री झोपला असो वा नसो.

आणि मी? मी रोज माझी शेजारती करून दारातच उभा राहत होतो. लागली का? लागली का? अशाने कुणाला झोप लागेल?

मग मला पिंगलेची कथा नव्याने कळली. ती मी शेकडो वेळा सांगितली होती. अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, भागवताच्या एकादश स्कंधात. एकनाथ महाराजांनी त्याच स्कंधावर काशीला १५७३ साली आपला ग्रंथ पुरा केला, तो आपल्या घराघरांत आहे. त्या चोवीस गुरूंत विदेहनगरीतली पिंगला नावाची एक गणिका आहे. संध्याकाळी नटून ती दारात उभी राहते. कुणी धनवान येईल, हा नाही तर तो येईल. आत जाते, बाहेर येते. मध्यरात्र होते. तोंड सुकतं, जीव कासावीस होतो, झोप मोडलेली. आणि त्या क्षणी तिला उबग येतो. ज्याच्यावर माझी काही सत्ता नाही त्याची वाट मी का बघते आहे? तिने ती आशा सोडली, हृदयात असलेल्या स्वामीकडे वळली, आणि अंथरुणावर जाऊन सुखाने झोपली. अवधूतांसारख्या योग्याने या बाईला गुरू केलं. मला तर वाटतं, रात्री जागणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीच केलं.

मंडळी, आपण पैशाची, मानाची आशा सोडायला निघतो. पण झोपेची आशा हीसुद्धा आशाच आहे. झोप ओढून आणता येत नाही. ती भिक्षेसारखी आहे. झोळी स्वच्छ ठेवायची, ठरल्या वेळी दारात जायचं, हाक द्यायची. घातली तर आनंद, नाही घातली तर शिव्या न देता पुढे. भिक्षेकऱ्याने दार फोडायचं नसतं.

याचा अर्थ प्रयत्न सोडायचा असा नाही. शेजारती नीट करायची. मी माझ्यापुरते काही नेम केले, आणि मग कळलं की निद्रानाशावर उपचार करणारे तज्ज्ञही बहुतेक हेच सांगतात. ते तुम्हाला सांगतो.

पहिला नेम उठण्याचा. रात्र कशीही गेली तरी सकाळी एकाच वेळी उठायचं. काकडआरती कधी चुकत नाही, तशी. उठल्यावर अर्धा तास अंगणात, गच्चीत उजेडात बसायचं. सूर्याला अर्घ्य द्यायची आपली पद्धत इथे कामाला येते. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ लागतं.

दुसरा नेम, झोप येत नाही म्हणून लवकर अंथरुणावर जायचं नाही. आपण उलट करतो. काल झोप झाली नाही म्हणून आज आठलाच गादी घालतो, आणि तडफडण्याचा वेळ दोन तासांनी वाढवतो. पेंग आली की मगच पडायचं. गादीवर बसून हिशोब नको, मोबाइल नको, सुनेशी वाद नको.

तिसरा, घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. किती वाजले हे कळून झोप आलेली मी तरी पाहिली नाही.

चौथा, चहा. चहाचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरतो. दुपारनंतरचा चहा मी सोडला. तीन दिवस डोकं धरलं, मग सवय झाली. रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर.

पाचवा, रात्री जाग आली तर. चोवीस गुरूंत अजगर आहे. तो पडून असतो पण झोपेत नसतो, अंगात बळ असून धडपड करत नाही, मिळेल त्यात राहतो, असं अवधूत सांगतात. मन शांत असेल तर अजगरासारखं पडून राहावं. झोप नसली तरी देहाला विसावा मिळतो. पण मन चडफडायला लागलं तर अंथरूण सोडावं. मंद उजेडात खुर्चीवर बसावं, नाम घ्यावं, पेंग आली की परत यावं. आणि त्या वेळचं नाम झोपेसाठी घेऊ नका. नामासाठी नाम घ्या. झोप आली तर महाराजांनी निजवलं, नाही आली तर जवळ बसवून घेतलं. मी असं म्हणायला लागलो त्या दिवसापासून माझा राग ओसरला.

आता दिवसाचं. ज्याला रोज थकवा आहे त्याने आपली शक्ती पेन्शनीच्या पैशासारखी वापरावी. एक तारखेला सगळं उधळून वीस तारखेला उसनं मागायचं नाही. एका दिवशी बरं वाटलं म्हणून माळे साफ करायला घेतले, की पुढचे चार दिवस पडून. रोज थोडं, जमेल तेवढं. थोडं चालणं मात्र चुकवू नये. दुपारी जेवल्यावर वामकुक्षी घ्या, पण तीनच्या आत आणि अर्ध्या तासाच्या आत, नाहीतर ती रात्रीची झोप खाते. आणि डोळ्यावर पेंग असताना गाडी चालवू नका. दर्शनाला उशीर झाला तर महाराज थांबतील.

उपासनेचंही तसंच. सात दिवसांचं पारायण झेपत नसेल तर रोज एक अध्याय वाचा, बावन्न दिवसांत पोथी पूर्ण होईल. तेही होत नसेल तर चौदावा अध्याय वाचा. तोही नाही तर खुर्चीवर बसून दुसऱ्याचा ऐका. सप्ताहात चटईवर डाव्या कुशीवर निजण्याचा नेम आहे. पण पाठ धरलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाने पलंगावर डाव्या कुशीला निजलं तर नेम मोडला असं मी तरी मानत नाही. मधुमेह्याने औषध चुकवून उपास करू नये. देह राखून सेवा करावी.

घरच्यांना एक विनंती. "दिवसभर झोपूनच असता," "आम्हाला बरी झोप येते," "रिपोर्ट तर चांगले आहेत ना," ही तीन वाक्यं घरातून हद्दपार करा. आणि "प्रारब्ध" हा शब्द दुसऱ्याच्या दुखण्याला लावू नका. स्वतःच्या दुखण्याला लावायचा असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. त्याऐवजी विचारा, "आज कसं वाटतंय? कुठलं काम मी करू?" सायंदेव घाबरला होता, तरी त्याने आजारी माणसाला पंगतीला बसवलं. आपण निदान पंगतीतून उठवू नये.

मग तुम्ही विचाराल, महाराज, तुमची झोप परत आली का? खरं सांगतो. पूर्ण नाही. आठवड्यात दोन-तीन रात्री अजून जागरणाच्या असतात. बाकीच्या बऱ्या. दिवसाचं घोंगडं हलकं झालं आहे, उतरलेलं नाही. काही दिवस प्रवचन अर्ध्या तासात आटोपतो, आणि श्रोत्यांना तसं सांगून टाकतो. लपवण्यात जी शक्ती जात होती ती वाचली. कारण अजून कुणाला कळलेलं नाही. पण रात्री मी आता दारात उभा राहत नाही.

बृहदारण्यक उपनिषदात झोपेला एक दृष्टांत दिला आहे. आकाशात इकडे तिकडे उडून दमलेला पक्षी जसा पंख मिटून घरट्याकडे येतो, तसा जीव निजेत आपल्या ठिकाणी येतो. घरटं पक्ष्याने त्या वेळी बांधायचं नसतं, ते असतंच. पंख मिटायचे एवढंच त्याच्या हाती.

तेव्हा यंदाच्या सप्ताहात एक करा. रात्री शेजारतीला थांबता आलं तर थांबा. दार लागताना हात जोडा आणि म्हणा, "महाराज, आता आमचीही शय्या तुमच्या स्वाधीन." मग मागे वळून न बघता घरी जा. आणि मंडपात खांबाला टेकून कुणी डुलकी घेत असेल तर त्याला ढोसू नका. त्याच्या मांडीवरची पोथी घसरत असेल, ती अलगद उचलून पाटावर ठेवा, आणि त्याच्या वाटच्या ओव्या तुम्ही म्हणा. तेवढीही सेवा महाराजांना पोचते.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!